कुठला कावळा?

आमच्या घरात एक प्रश्न विचारायचा नाही असा नियम आहे. ‘कुठला कावळा?’ हा तो प्रश्न. का विचारायचा नाही, हेही विचारायचं नाही. मी तो लहानपणापासून विचारत आले, त्यापायी पाठीत धपाटे खाल्ले, आणि आयुष्यात एकदाच जिथं तो खरोखर विचारायला हवा होता, तिथं नेमकी विचारायची विसरले. त्याचा जो काही बट्ट्याबोळ झाला तो ऐकाच. हसू आलं तर हसा, माझी हरकत नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की प्रसंग माझ्या आबांच्या दहाव्याचा होता, आणि मी तिथं रडायला गेले होते.

तर कावळा.

मी लहान असताना आई महिन्यातून एकदा व्हरांड्यात सतरंजी टाकून बसायची. वेगळं ताट, वेगळा तांब्या. आईला काय झालं म्हणून विचारलं की मोठ्या काकू म्हणायच्या, “कावळा शिवला.”

मी व्हरांड्यात जाऊन वर बघायची. आमचा सिडकोतला फ्लॅट. व्हरांड्याला ग्रिल, ग्रिलला आतून जाळी. चिमणी शिरायची नाही तिथून, कावळा कसा शिरला? आणि शिरला तर दर महिन्याला आईलाच कसा शिवतो?

“काकू, कुठला कावळा?”

धप्प!

मोठी झाल्यावर कळलं कुठला कावळा ते. तुम्हालाही कळलंय, तोंड फिरवू नका. पण मग दुसरा प्रश्न आला: असं म्हणतात का? पाळी आली म्हणायला जीभ झडते का? आणि पक्षी घ्यायचाच होता तर कावळाच का?

ज्याला विचारावं त्याची आपली वेगळी कथा. मोठ्या काकूंच्या मते, फार पूर्वी एका बाईनं तसल्या दिवसांत लोणच्याच्या बरणीत हात घातला, देव कोपला, त्यानं कावळा धाडला, कावळ्यानं तिच्या डोक्यात चोच मारली, अन् तेव्हापासून शिवतो.

“देवाला पोपट नाही मिळाला?”

धप्प!

तात्यांना, म्हणजे माझ्या मोठ्या काकांना विचारलं, तर ते पेपर घेऊन गच्चीवर गेले. मे महिना होता. भर दुपार होती. कॉलेजात मराठीच्या सरांना विचारलं. “व्युत्पत्ती अनिश्चित आहे,” असं म्हणून सर एकदम खिडकी लावायला उठले. खिडकी लावलेलीच होती.

उत्तर दिलं ते फक्त आबांनी.

आबा, माझे आजोबा, एसटीत कंट्रोलर होते. रिटायर झाले तरी चौकशीची खिडकी उघडीच. म्हणाले, “हे बघ, घरातल्या बाईला रजा कोण देणार? दळण, पाणी, शेण, पोरं. मग एक हुशार बाई निघाली. सासूला म्हणली, मला कावळा शिवला. म्हणजे झाला विटाळ! आता चार दिवस कशालाच हात लावता यायचा नाही. सासू काय कावळ्याला विचारायला जाती का? ना अर्ज, ना डॉक्टरचं सर्टिफिकेट. रजा मंजूर!”

“आबा, ह्याला पुरावा काय?”

“कंट्रोलरला पुरावा मागती व्हय गं?”

पुरावा कसला डोंबलाचा! आबांकडं प्रत्येक म्हणीची अशी जन्मकथा तयार असायची आणि प्रत्येक एसटीतच घडायची. ‘ताकाला तूर लागू देत नाही’ ही म्हण त्यांच्या मते पैठण गाडीत जन्मली. एका बाईच्या मांडीवर ताकाची किटली, शेजारच्याच्या मांडीवर तुरीचं गाठोडं, आणि रस्ता आपल्याकडचा. ती बाई बिडकीनपासून पैठणपर्यंत किटली डोक्यावर धरून बसली म्हणे. सगळ्या बाता. पण त्या बातांपायी मला शब्दांचा नाद लागला, आणि त्या नादापायीच हैदराबादला भाषाविज्ञानाला प्रवेश मिळाला.

प्रवेश मिळाला आणि लगोलग फर्दापूरचं स्थळ आलं. घरच्यांचं टायमिंग बघा! मुलाचं अजिंठ्याच्या लेण्यांजवळ लॉज होतं. मुलगा चांगला आहे, असं मला फोटो दाखवून सांगण्यात आलं. तात्या म्हणाले, हैदराबाद कुठं पळून जातंय? मी म्हणाले, फर्दापूर तरी कुठं पळून जातंय? दीड हजार वर्षं लेणी जागची हलली नाहीत!

आबा कुणाच्या बाजूचे होते? इथंच माझी गोची. मला एकटीला गाठून म्हणायचे, “जा हैदराबादला. शीक.” आणि मी पाठ फिरवली की तात्यांना म्हणायचे, “पोरीचं एकदाचं उरकून टाक.” कंट्रोलर माणूस. दोन्ही गाड्या फलाटाला लावून ठेवायची सवय. कुठली आधी सोडायची ते न सांगताच एके दिवशी दुपारी झोपले, ते उठलेच नाहीत.

दहाव्याला पैठणच्या घाटावर बायका येत नाहीत आमच्यात. मी म्हणाले, मी येणार. तात्या म्हणाले, नाही. मी जाऊन गाडीत बसले. शेवटी आईनंच कसंबसं तात्यांना समजावलं. पण निघायच्या आधी मोठ्या काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. फोडणीच्या धुरातून कानाशी लागून म्हणाल्या, “तुझी तारीख जवळ आलीय, ध्यानात हाय ना? तिथं कावळा-बिवळा शिवला तर लगेच बाजूला व्हायचं. गाडीत जाऊन बसायचं. पिंडावर सावली पडू द्यायची नाय. मी फोन करून विचारीन.”

आजोबा गेलेत, आणि ह्यांना माझ्या तारखेचा हिशेब! मी राग गिळला. आणि गिळलेला राग कसा असतो, सांगायला नको. तो पोटात राहत नाही. योग्य वेळी चुकीच्या माणसावर बाहेर पडतो.

घाटावर पोचलो. गोदावरीला पाणी होतं, पण कडेला शेवाळ, विझलेल्या पणत्या, कुणाकुणाचे हार. पुरुषांनी डोकी भादरून घेतली. केसांशिवाय पप्पा एकदम लहान दिसायला लागले. शाळेत पहिल्या दिवशी सोडून आलेल्या पोरासारखे. मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होते.

गुरुजींनी विधी केला, पिंड मांडला. शेजारी आबांच्या आवडीच्या वस्तू. लाल शेव, कपात चहा, तंबाखूची पुडी. सगळे मागं सरकले. आता कावळा यायचा. तो पिंडाला शिवला की आत्मा तृप्त, मग घरी फोन, मग घरी पंगत. तोवर तिकडं कुणी तोंडात घास घालायचा नाही.

कावळा येईना.

कावळे नव्हते असं नाही. पाच-सहा होते. पण ते सगळे पलीकडच्या पार्टीकडं. त्यांनी बालुशाही ठेवली होती.

“आबा, या!” तात्या झाडाकडं बघून हात जोडून म्हणाले. “बिडकीनच्या जमिनीचा तुकडा विकत नाय, शब्द देतो.”

कावळा येईना.

“धाकट्याशी अबोला धरणार नाय.” असं म्हणून तात्यांनी पप्पांकडं जरा रागानंच पाहिलं.

नाही.

“तुमची सायकल भंगारात देणार नाय, आबा.”

फांदीवरच्या एका कावळ्यानं वळून शेपटी आमच्याकडं केली.

ऊन चढलं. गुरुजी घड्याळाकडं बघायला लागले. आणि तात्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. “तू जरा लांब उभी राहा. बाईमाणूस जवळ असलं की कावळा बुजतो.”

“बालुशाहीवाल्यांकडं तीन बायका उभ्या आहेत, तात्या.”

“लांब हो म्हणलं ना!”

मी वर पायऱ्यांवर जाऊन उभी राहिले. डोळ्यांत पाणी, डोक्यात जाळ. आणि त्याच क्षणी फोन वाजला. मोठ्या काकू.

“शिवला का गं कावळा?”

तुमचं खायचं-प्यायचं काय, पप्पा कसे आहेत, काही नाही. थेट माझी चौकशी!

“शिवला!” मी ओरडले.

“शिवला? खरंच?”

“हो, खरंच! केव्हाच शिवला! पुढं बोला.”

“अगं बाई, सुटले गं! लई घोर लागला होता जिवाला. एवढा उशीर झाला, माझ्या तर मनात काय काय यायला लागलं.”

“काय काय म्हणजे काय?”

“आता तोंडानं काय बोलू? एवढा उशीर झाल्यावर माणसाला वाटणारच ना, काहीतरी राहिलंय म्हणून.”

राहिलंय! ऐकताय ना? राहिलंय! बाईला उशीर झाला आणि राहिलंय म्हटल्यावर मराठी माणसाला दुसरं काय ऐकू येणार? माझ्या कानातून वाफ आली.

“काकू! तुम्हाला असं वाटलंच कसं माझ्याबद्दल?”

“तुझ्यामुळंच अडलं असंल असं सगळेच म्हणून राहिले ना.”

“सगळे? सगळे म्हणजे कोण?”

“हे काय, हॉलमधी बसलेत. पाहुणे, शेजारचे, खालच्या मजल्यावरचे. मघापासून दुसरा विषय नाय.”

मी पायरीवर मटकन बसले. खालच्या मजल्यावर माझ्या शाळेतल्या बाई राहतात.

“थांब, आता सगळ्यांना सांगते शिवला म्हणून. पंगतच बसवते.”

“पंगत? ह्यासाठी पंगत बसवणार?”

“मग! कवाची उपाशी बसलीत माणसं त्या कावळ्यापायी.”

“बसवा!” माझा आवाज फाटला. “खुशाल सांगा सगळ्यांना! माईक लावून सांगा!”

“माईक कशाला? ग्रुपवर टाकते,” असं म्हणून काकूंनी फोन ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, अगं शहाणे, समोर पिंड मांडलाय, डझनभर माणसं झाडाकडं तोंड करून उभी आहेत, तुला दुसरा कावळा सुचलाच कसा? मीही स्वतःला हेच विचारते. भाषाविज्ञानाला निघालेली मुलगी! एका शब्दाचे दोन अर्थ असतात, हे तिथं पहिल्या दिवशी शिकवत असतील.

डोळे पुसून खाली आले, तर तिथं वातावरण बदललेलं. नात्यातले दोघं-तिघं तात्यांच्या कानाशी लागले होते. गुरुजी म्हणाले, “कुणाचं काही बोलायचं राहिलं असेल तर बोलून घ्या. पुढची मंडळी थांबलीत.”

तात्यांनी मला खूण केली. “इकडं ये. आम्ही सगळं बोलून बघितलं. आता तुझंच राहिलं. हातात पाणी घे अन् म्हण: आबा, मी फर्दापूरच्या स्थळाला होकार देते.”

“काय?”

“त्यांचा जीव तुझ्यात अडकलाय. मला स्वतः म्हणाले होते, उरकून टाक.”

“मला म्हणाले होते, शीक.”

“मेलेल्या माणसापुढं वाद घालती व्हय?”

मी पप्पांकडं पाहिलं. ते नुसते उभे. उन्हानं भादरलेलं डोकं लाल झालेलं, ओठ सुकलेले, सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. आणि एकदम मला वाटलं, म्हणून टाकावं. चार शब्द तर आहेत. पप्पा सावलीत बसतील, पाणी पितील. खरं सांगते, जीभ वळायला लागली होती माझी. गुरुजींनी पळीभर पाणी माझ्या ओंजळीत घातलंसुद्धा.

तेवढ्यात तात्यांचा फोन टिंग झाला. मग पप्पांचा. मग सगळ्यांचेच.

तात्यांनी फोन लांब धरून मोठ्यानं वाचलं. “‘आबांच्या पिंडाला कावळा शिवला. आबा तृप्त झाले. पंगत बसली आहे.’” त्या मेसेजखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. खुलताबादच्या एका नातलगानं लिहिलं होतं: पुण्यवान माणूस, जराही ताटकळत ठेवलं नाही.

तात्यांनी पिंडाकडं पाहिलं. पिंड जसाच्या तसा. चहावर साय धरलेली. त्यांनी काकूंना फोन लावला, स्पीकरवर.

“काय टाकलंस ग्रुपवर? कुणी सांगितलं तुला कावळा शिवला म्हणून?”

“कुणी म्हणजे? तुमच्या पुतणीनं! केव्हाच शिवला म्हणली. वर माझ्यावरच वरडली. का, काय झालं? पंगत जेवून राहिली इथं.”

सगळी भादरलेली डोकी एकदम माझ्याकडं वळली.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. उशीर. राहिलंय. तुझ्यामुळं अडलं. उपाशी माणसं. एकेक वाक्य उलटं फिरून आपापल्या जागी जाऊन बसलं, आणि माझ्या ओंजळीतलं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

“मला वाटलं,” मी म्हणाले, “काकू दुसऱ्या कावळ्याचं विचारतायत.”

गुरुजी भले माणूस. त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं, “कुठला कावळा?”

बघा! जन्मभर मी जो प्रश्न विचारून धपाटे खाल्ले, तो पहिल्यांदा मला कुणीतरी विचारला. आणि कुठं? पैठणच्या घाटावर, बापाच्या, काकाच्या आणि डझनभर पुरुषांच्या देखत. फोन अजून स्पीकरवर.

“पाळीचा,” मी म्हणाले.

एका क्षणात सगळ्यांना गोदावरी फार बघण्यासारखी वाटायला लागली. एक जण तर वाकून पाण्यात मासे आहेत का ते पाहू लागला.

सगळ्यात आधी सावरले तात्या. “म्हणजे तू… तसली… अन् पिंडापाशी उभी? अरे, तरीच! तरीच कावळा येईना!”

“नाही हो! मला नाही शिवला!”

“आताच तर शिवला म्हणलीस!”

“खोटं बोलले!”

“कामून?”

“राग आला म्हणून!”

“म्हणजे आबाच्या पिंडाला शिवला नाय, तुला शिवला नाय, अन् घरी लोक जेवून राहिले?” तात्यांनी कपाळाला हात लावला. “मग शिवला कुणाला?”

स्पीकरमधून मागची पंगत ऐकू येत होती. कुणीतरी कढी मागत होतं.

तात्यांचा चेहरा हळूहळू बदलला. राग गेला आणि त्या जागी हुशारी आली. ती मला रागापेक्षा वाईट वाटते. आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघ बाळा. घरी माणसं जेवली. आता कावळा शिवला नाय म्हणून सांगायला गेलो तर घराची इज्जत जाईल. खोटं तू केलंस, आता खरं तूच कर. घे पाणी. दे होकार. बघ कसा येतो ते.”

“बरोबर आहे,” मागून कुणीतरी म्हणालं.

“पोरीनंच घोळ घातला, पोरीनंच निस्तरावा,” दुसरं कुणीतरी.

काय बोलायची सोय होती सांगा? एरवी मी पाच मिनिटांत तात्यांना गुंडाळलं असतं. पण खोटं मी बोलले होते. माझ्याच तोंडानं मी माझं दार लावून घेतलं होतं. पप्पा खाली बघत होते. गुरुजींनी पुन्हा ओंजळीत पाणी घातलं.

सगळे थोडे पुढं झुकले.

मी पिंडाकडं तोंड केलं. “आबा,” म्हणाले, आणि नाक ओढलं. तात्या हळूच म्हणाले, “म्हण, म्हण.”

“आबा, तुम्ही दोघांनाही हो म्हणून गेलात. तुमचं खरंच काय राहिलं, ते तात्यांना माहीत नाही आणि मलाही नाही. आणि त्या झाडावरच्यांना तर नाहीच. मी फर्दापूरला होकार देणार नाही. हैदराबादला जाणार. कावळा आला तरी जाणार. नाही आला तरी जाणार.”

आणि पाणी सोडलं.

तात्यांचं तोंड उघडंच राहिलं. मघाचे सल्लागार एकमेकांच्या पायांकडं बघत होते. फोनमधूनसुद्धा आवाज यायचा थांबला. पप्पा होते तिथून जरासे बाजूला सरकले, त्यांच्या शेजारी माझ्यापुरती जागा झाली. गुरुजींनी पिशवीतून दर्भाच्या चार काड्या काढल्या आणि मुकाट्यानं दर्भाचा कावळा वळायला घेतला. असाही चालतो म्हणे. आधी कुणी सांगितलं नव्हतं.

त्या शांततेत कुणीतरी अगदी बारीक आवाजात ‘काव, काव’ करायला लागलं.

सगळ्यांनी आधी झाडाकडं पाहिलं. मग एकमेकांकडं. तात्या नव्हते, पप्पा नव्हते, गुरुजीही नव्हते.

मी होते. मान वर करून, नाक पुसत, मी त्या मेल्या कावळ्याला बोलवत होते.